फँडालिनमध्ये प्लेट आर्मर मिळत नाही, मग मिळतं कुठे ते सांग की

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डी अँड डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट खेळायचा खेळ. गोष्ट चालवणारी ती डीएम, फायटर, क्लेरिक, बार्ड ही खेळणाऱ्यांची पात्रं, लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर ही छापील गोष्ट आणि फँडालिन हे तिच्यातलं गाव. प्लेट आर्मर म्हणजे अंगभर लोखंडी चिलखत. पत्र असं आहे:

ताई, मी नाशिकला असते. कॉलेजचे जुने पाच जण दर शनिवारी आमच्या गच्चीवरच्या खोलीत जमतो, मी डीएम. लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर चालू आहे, डी अँड डीचे २०१४चे रूल्स, सगळे चौथ्या लेव्हलला. गेल्या शनिवारी राडा झाला. आमच्या फायटरने बाकीच्यांकडून उसने घेऊन १५०० गोल्ड जमवलं आणि फँडालिनला आल्या आल्या म्हणाला, प्लेट आर्मर घेतो. मी म्हटलं मिळणार नाही. तो म्हणाला पुस्तकात किंमत छापलीये म्हणजे मिळतंच. मी परत नाही म्हटलं, तो चिडला. तेवढ्यात आमच्या क्लेरिकला पुढच्या लेव्हलच्या स्पेलसाठी ३०० गोल्डचा हिरा हवा होता, तोही मी नाही म्हटलं, मग बार्ड एक गोल्डच्या दोरीसाठी अर्धा तास घासाघीस करत बसला. चार तासांतले दोन तास बाजारातच गेले आणि एक मैत्रीण फोनवर रील बघत बसली. सगळं सगळीकडे मिळतं असं करून टाकू का? तूच म्हणा मला, अहोजाहो नको. (वैतागलेली डीएम)

अगं, प्लेट मिळणार नाही हा तुझा निर्णय बरोबर होता. आणि फायटर चिडला तेही बरोबरच होतं. २०१४च्या रूल्समध्ये लूट भरपूर मिळते आणि त्या गोल्डचं करायचं काय हा प्रश्न प्रत्येक टेबलवर येतो, घेण्यासारखं यादीत फारसं उरतच नाही, त्यातून जड आर्मर घालणाऱ्याला प्लेट म्हणजे काय ते बघ. पहिल्या दिवशी कॅरॅक्टर शीटवर चेन मेल लिहिताना, एसी १६ (एसी म्हणजे वारापासून बचावाचा आकडा, जितका जास्त तितका चांगला), त्याने जड आर्मरच्या तक्त्यातली शेवटची ओळ बघून ठेवलेली असणार, एसी १८, १५०० गोल्ड. तेव्हापासून तो त्या ओळीच्या दिशेनेच चालत आलाय, मित्रांचे पैसे घेऊन आलाय, आणि दुकानात पोचल्यावर त्याला एका शब्दात उत्तर मिळालं. नाही म्हणण्यात तुझी चूक नव्हती, नाही म्हणून तिथेच थांबलीस ते चुकलं.

माझ्या आजोळी, सातारा जिल्ह्यात, एकच हार्डवेअरचं दुकान होतं. दारात नायलॉनच्या आणि काथ्याच्या दोरीची भेंडोळी, कोपऱ्यात कुदळीचे आणि टिकावाचे दांडे उभे केलेले, घमेली एकात एक घातलेली, खिळे वजनावर, आणि आत अंधारात काय काय असायचं ते फक्त मालकालाच माहीत. लहानपणी मी मामाबरोबर जायचे. मामाने मोटरचा कसलातरी पार्ट मागितला की ते काका मान हलवायचे, पण नुसतं नाही कधी म्हणायचे नाहीत. "आत्ता नाही, गुरुवारी टेम्पो येतोय, सांगून ठेवतो, शंभर देऊन जा." किंवा "माझ्याकडं नाही मिळायचा, कराडला जावा, स्टँडच्या मागच्या गल्लीत, माझं नाव सांगा." किंवा "तो कशाला, हा लावा, दोन वर्षं चालतोय बघा." तू ज्या दुकानदाराचा आवाज काढणार आहेस ना, तो हा माणूस असू दे. त्याच्याकडे वस्तू नसली तर का नाही ते त्याला माहीत असतं, कुठे मिळेल तेही माहीत असतं, आणि तोवर कशावर भागेल तेही.

आता फँडालिनमध्ये का नाही ते बघ, कारण हे कारण तुला तुझ्या पुस्तकातच मिळणारे. कॅम्पेनचा पहिला सीन आठव. पार्टी नेव्हरविंटर शहरातून एक बैलगाडी घेऊन निघते, फँडालिनमधल्या बार्थेनच्या दुकानात माल पोचवायचा, प्रत्येकाला १० गोल्ड. आपण सगळे हा सीन गोब्लिनच्या हल्ल्यापर्यंत पोचायचा रस्ता म्हणून उरकून टाकतो, पण गाडीत काय आहे ते एकदा नीट वाच. पिठाची डझनभर पोती, खारवलेल्या मांसाची पिंपं, एल बिअरची दोन पिंपं, फावडी, टिकाव आणि पहारी डझन डझन, पाच कंदील आणि तेलाचं एक छोटं पिंप. आणि या सगळ्या मालाची मिळून किंमत १०० गोल्ड. म्हणजे एक प्लेट आर्मर म्हणजे अशा पंधरा गाड्या. ज्या गावात कंदील पाच आले तरी ती बातमी असते, चाळीस-पन्नास लाकडी घरं, तिथे कोण पंधरा गाड्यांचे पैसे एका आर्मरमध्ये अडकवून ते खुंटीला टांगून ठेवेल, कोणीतरी फायटर कधीतरी येईल म्हणून?

मजुरीच्या हिशोबानेही बघ. त्याच रूल्समध्ये साध्या मजुराचा रोज २ चांदी आहे, १० चांदीचं एक गोल्ड, म्हणजे १५०० गोल्ड ही साडेसात हजार दिवसांची मजुरी झाली, एक दिवसही सुट्टी न घेता वीस वर्षं. हा आकडा फायटरला सांग. त्याला हिणवायला सांगायचा नाहीये, तो किती मोठी गोष्ट मागतोय आणि ती मिळाली तर गावात त्याच्याकडे लोक कसे बघतील ते त्याला कळावं म्हणून सांगायचा. आणि हो, ५० नाण्यांचं वजन एक पाउंड, त्याच्या पिशवीत आत्ता ३० पाउंड सोनं आहे, साडेतेरा किलो! भर दुपारी गावच्या चौकात. रेडब्रँड या गावगुंडांपैकी कोणी अजून शिल्लक असेल तर त्याला ते दिसलेलं असणार.

मग "किंमत छापलीये म्हणजे मिळतंच" याला उत्तर काय? किमतीची यादी म्हणजे दुकानातला स्टॉक नव्हे, एवढंच. आणि त्या किमतीसुद्धा कुठून आल्या ते माहीत असलेलं बरं. १९७८च्या अॅडव्हान्स्ड डी अँड डीच्या प्लेयर्स हँडबुकमध्ये गॅरी गायगॅक्सने किमती एवढ्या चढ्या का ते सांगितलं होतं, अलास्काच्या गोल्ड रशमधली गावं डोळ्यासमोर आणा, सोनं भरपूर आणि वस्तू थोड्या, एकेका अंड्याला डॉलर मोजावा लागायचा. मला हे वाचल्यापासून फँडालिन वेगळंच दिसायला लागलं, कारण तेही खाणीच्या आशेवर परत वसलेलं गाव, मायनर्स एक्स्चेंज आहे, जुने अवशेष आहेत, बाहेरचे लोक नशीब काढायला आलेत. खऱ्या क्लोंडाइकच्या, म्हणजे कॅनडातल्या त्या गोल्ड रशच्या वेळी, १८९८च्या सुमारास, कॅनडाच्या पोलिसांनी खिंडीतच माणसं अडवायला सुरुवात केली होती, वर्षभराचा शिधा बरोबर असेल तरच पुढे, इतर सामान धरून माणशी साधारण टनभर ओझं व्हायचं, ते लोक पाठीवरून खेपा करत वर न्यायचे. कारण पुढे पैसे असूनही काही मिळणार नव्हतं. खिशात पैसा आणि समोर रिकामं फडताळ, ही स्थिती या खेळाच्या जवळजवळ पायातच आहे, त्यामुळे तू काही नवीन अडवणूक करत नाहीयेस.

आता तू विचारशील की दरवेळी एवढा विचार कुठे करत बसू. बरोबर आहे, त्यासाठीच लोकांनी रूल्स केलेत आणि गंमत म्हणजे ते तुझ्या बाजूने आहेत. डी अँड डीच्या जुन्या ३.५ एडिशनमध्ये प्रत्येक वस्तीला एक गोल्डची मर्यादा होती, त्याच्या आतली वस्तू बहुधा मिळते, वरची नाही. ९०० वस्तीपर्यंतच्या खेड्याला २०० गोल्ड, त्यावरच्या छोट्या गावाला ८००, आणि दोन हजारांच्या वर लोकवस्ती गेली की ३०००. प्लेट तिथेही १५००च, म्हणजे ती मोठ्या गावातच येणार. पाथफाइंडर या डी अँड डीसारख्याच खेळाच्या पहिल्या एडिशनने आकडे बदलले, खेडं ५००, छोटं गाव १०००, मोठं गाव २०००, आणि त्या मर्यादेखालची वस्तू मिळायची शक्यता ७५ टक्के. तिथेही तेच उत्तर, प्लेट मोठ्या गावापासून पुढे. दोन वेगवेगळी पुस्तकं तुला सांगतायत की फँडालिनमध्ये नाही. हे फायटरला दाखव, त्याला पुस्तकातलंच पटतं ना!

पण तुझ्या टेबलवर वापरायला मला वॉरहॅमर फँटसी या दुसऱ्या खेळाच्या चौथ्या एडिशनची पद्धत सगळ्यात आवडते, मी गेली काही वर्षं डी अँड डीमध्येही तीच घेतलीये. वस्तू चार प्रकारच्या. सहज मिळणारी, ती सगळीकडे मिळते, विषय संपला. मग कमी मिळणारी, मग दुर्मिळ, आणि मग अगदीच अपूर्व, जी फाशावर मिळतच नाही, तिच्यासाठी गोष्टच घडावी लागते. कमी मिळणाऱ्या वस्तूला खेड्यात ३० टक्के, गावात ६०, शहरात ९०. दुर्मिळला त्याच्या निम्मे, १५, ३० आणि ४५. बस, एवढंच पाठ करायचं. प्लेयर म्हणाला स्पायग्लास, म्हणजे दुर्बीण, आहे का, तू मनात ठरवतेस दुर्मिळ, फँडालिन खेडं, १५ टक्के, टाक पर्सेंटाइल, म्हणजे १ ते १००चा फासा, १५ किंवा खाली पडला तर मिळालं. फासा प्लेयरलाच टाकू दे, ही माझी सवय, कारण मग नाही हे डीएमने म्हटलेलं वाटत नाही, आणि कधी ०९ पडतो तेव्हा टेबलवर जो आरडाओरडा होतो तो ऐकण्यासारखा असतो. मग त्या गावात स्पायग्लास कसा आला हे तुला तिथल्या तिथे सुचवावं लागतं, कोणा मेलेल्या खाणमालकाचा, बायकोने विकायला ठेवलेला, आणि झालं की, एक नवीन पात्र मिळालं.

मात्र एक पथ्य पाळ. फासा नाही म्हणाला की त्या काकांसारखं तीनपैकी एक वाक्य बोलायचंच. कधी येईल, किंवा कुठे मिळेल, किंवा त्याऐवजी काय चालेल. माझ्या मते अख्ख्या बाजाराच्या रूलमध्ये हा एकच भाग अजिबात सोडायचा नाही, टक्केवारी विसरलीस तरी चालेल.

प्लेटचंच घे. लायनशील्ड कोस्टर या व्यापारी पेढीची लिनीन ग्रेविंड आहे ना तुझ्याकडे, आर्मर आणि हत्यारं तीच विकते, बार्थेन ठेवत नाही. तिची मूळ पेढी यार्टरला, शंभर मैलांहून लांब. तिचाच चोरीला गेलेला माल, निळ्या सिंहाचा शिक्का असलेली खोकी, गोब्लिनच्या गुहेत सापडतो, तुमच्या पार्टीने तो परत नेऊन दिला असेल तर ती यांची ऋणीच आहे. शनिवारी तिला असं बोलू दे:

"प्लेट? माझ्याकडे नाही रे, इथे कधी ठेवलीच नाही, इथे घेणार कोण. पण यार्टरला आमचा कारागीर आहे, निरोप धाडते. तुझं माप द्यावं लागेल, छाती, खांदे, मांड्या सगळं. निम्मे आत्ता, निम्मे माल आल्यावर. आणि खरं सांगू, माल निघेल याची हमी देते, इथवर पोचेल याची नाही देत. त्या रस्त्यावर माझ्या दोन खेपा गेल्यात. तुम्ही स्वतः जाऊन आणणार असाल तर शंभर गोल्ड कमी घेते."

बघ, आता त्याच्या हातात काय काय आलं. वाट बघायची का स्वतः जायचं, रोजचे २४ मैल धरले तर एका बाजूला पाचेक दिवस. निम्मे पैसे आगाऊ देण्याइतका तिच्यावर विश्वास आहे का. ट्रायबोर ट्रेल या वाटेवरचा धोका आता त्याच्या स्वतःच्या आर्मरला आहे, आधी तो लोकांच्या पिठाच्या पोत्यांना होता. तू काहीही नवीन लिहिलं नाहीस, फक्त रिकाम्या खुंटीमागचं कारण त्याला दाखवलंस.

कारागीर बनवायला घेणार असेल तर किती दिवस? २०१४च्या रूल्समध्ये एका माणसाचं दिवसाला ५ गोल्डचं काम होतं आणि कच्च्या मालाला निम्मी किंमत लागते, म्हणजे प्लेटला ३०० दिवस. एवढं थांबवू नकोस त्याला, तो खेळ सोडेल. एकाहून जास्त माणसं हात लावू शकतात तेव्हा पाच जणांची भट्टी असेल तर साठ दिवस होतात, किंवा यार्टरला कोणा सरदाराने मागवलेली आणि न उचललेली तयार प्लेट पडलेली असेल. ती अंगाला बसणार नाही, त्यालाही हँडबुकमध्ये ऐच्छिक रूल आहे, दुसऱ्याच्या मापाची प्लेट दुरुस्त करायला किमतीच्या १० ते ४० टक्के, १डी४, म्हणजे चार बाजूंचा एक फासा, टाकून दहाने गुणायचं. मला हा रूल फार आवडतो आणि कोणी वापरत नाही. एखाद्या थडग्यात प्लेट सापडली तरी ती थेट अंगावर चढत नाही, लोहारासमोर उभं राहून खांद्याचा पत्रा ठोकून घ्यावा लागतो, आणि तो लोहार पत्रा उलटा करून म्हणतो, हा शिक्का ज्यांचा आहे ते घराणं अजून जिवंत आहे बरं का.

आणि तोवर त्याला उघडं ठेवू नकोस. स्प्लिंट आर्मर २०० गोल्डला आहे, एसी १७, प्लेटपेक्षा एकाने कमी. लिनीनकडे एक स्प्लिंट आहे असं ठरवून टाक, फासा नको. परवाच्या शनिवारची भरपाई समज. तो एक पाऊल पुढे जाईल आणि १८चं स्वप्न तसंच राहील.

आता हिऱ्याचं, आणि इथे मी तुझ्याशी जरा कडक बोलणार आहे, कारण यात मी स्वतः चुकलेय. रिव्हिव्हिफाय या मेलेल्याला जिवंत करणाऱ्या स्पेलला ३०० गोल्डचा हिरा लागतो, वापरला की संपतो, आणि माणूस मेल्यापासून एका मिनिटाच्या आत स्पेल व्हायला हवा. म्हणजे हिरा आधीच खिशात पाहिजे, नंतर आणून उपयोग नाही. माझ्या एका कॅम्पेनमध्ये क्लेरिकने तीन गावांत हिरा मागितला आणि तिन्ही वेळा मी म्हटलं इथे नाही, बघू पुढे. कुठे मिळेल ते सांगितलं नाही. मला वाटत होतं मी जग खरं ठेवतेय. मग एका रात्री पुलावरच्या मारामारीत आमची रोग (चोरट्या चालीचं पात्र) मेली, क्लेरिकचा तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट, म्हणजे तो स्पेल टाकायची संधी, शिल्लक होता, पैसे होते, हिरा नव्हता. जिचं कॅरॅक्टर होतं तिने काही भांडण केलं नाही. दीड वर्ष जपलेली शीट, कडेला चहाचे डाग, तिने चार घड्या घालून डाइसच्या डब्यात खाली ठेवली आणि वर डाइस ठेवले. पुढच्या वेळी ती नवीन कॅरॅक्टर घेऊन आली, पण नंतर हळूहळू यायची थांबली. मृत्यू झाला याचं मला वाईट वाटत नाही, खेळात मृत्यू हवाच. पण तो तिच्या निर्णयाने झाला नाही, माझ्या "बघू पुढे"ने झाला. ते अजून टोचतं.

म्हणून ज्या वस्तूवर जीव अवलंबून आहे ती टक्केवारीवर सोडू नकोस. सेशनच्या बाहेर, सरळ डीएम म्हणून सांग, की हिरे फँडालिनमध्ये नाहीत, नेव्हरविंटरला नक्की मिळतील, इतक्याला मिळतील, आणि इथे एकच हिरा आहे असं गावात बोललं जातं, तो कोणाकडे ते शोधा. मायनर्स एक्स्चेंजच्या हालिया थॉर्नटनकडे असू दे ना! ती पैशाला देणार नाही, कामाला देईल, पुस्तकात तिचे स्वतःचे डाव आहेतच. हिरा अवघड ठेव हवं तर, पण तो आहे की नाही हे गूढ ठेवू नकोस.

साध्या सामानावर मात्र एक मिनिटही घालवू नकोस. दोरी, मशाली, शिधा, बाण, तेल, हे सगळं व्हॉट्सअॅप ग्रुपवर, शुक्रवार रात्रीपर्यंत, ज्याने त्याने शीटवर लिहायचं आणि गोल्ड वजा करायचं, २५ गोल्डच्या आतलं काहीही विचारायचं नाही. मी तर एक पाऊल पुढे जाऊन डंजन वर्ल्ड या दुसऱ्या खेळातून एक कल्पना उचललीये, तिथे अॅडव्हेंचरिंग गिअर नावाची एकच वस्तू २० नाण्यांना मिळते आणि ती पाच वेळा वापरता येते, गरज पडली की तेव्हा सांगायचं की पिशवीत खडू होता, मेख होती. ब्लेड्स इन द डार्क या खेळातही असंच, आधी फक्त ओझं हलकं का जड ते ठरवायचं, वस्तू नंतर. यादी करायला कंटाळणारी तुझी ती रील बघणारी मैत्रीण असेल तर तिला हे देऊन बघ. फक्त जिथे टंचाई हाच खेळ आहे तिथे हे चालत नाही, म्हणजे खाली खोल गुहेत आठवडाभर उतरायचं असेल तर मशाली मोजायलाच हव्यात, मोजण्यातच भीती आहे.

सेशनमध्ये बाजाराचा एकच सीन ठेव, ज्या वस्तूला गोष्ट आहे तिचा. परवा तो प्लेटचा होता. बाकीचं सगळं "मग तुम्ही संध्याकाळपर्यंत खरेदी उरकता" या वाक्यात.

बार्डची घासाघीस. त्याला गप्प बसवू नकोस, त्याला दुकानदाराशी बोलायला आवडतंय, ही चांगली गोष्ट आहे, आपल्याकडे भाजी घेताना दोन रुपये कमी केल्याशिवाय ज्यांचा हात पिशवीत जात नाही त्यातलाच तो. डी अँड डीमध्ये भाव करायचा वेगळा रूल नाही, तेव्हा तूच ठरव, एका गावच्या एका फेरीला एक पर्सुएशन रोल, म्हणजे मन वळवायचा फासा, सगळ्या खरेदीला मिळून, चांगला पडला तर दहा टक्के कमी, वाईट पडला तर छापील भाव. आणि फार छान पडला तर पैसे कमी करण्याऐवजी बातमी दे. बार्थेन त्याला म्हणेल, पैसे पूर्ण घेतो पण एक सांगतो, परवा एक जण माझ्याकडून सात पहारी घेऊन गेला आणि तो खाणीतला नव्हता. असं दोनदा झालं की बार्ड दोरीचा भाव करणं सोडून दुकानदारांशी गप्पा मारायला जाईल बघ.

विकायच्या बाबतीत तुझ्याकडे अजून भांडण झालेलं नाही पण होणार, म्हणून आत्ताच सांगते. चांगल्या स्थितीतली हत्यारं आणि आर्मर निम्म्या किमतीला जातात, पण राक्षसांच्या अंगावरचं सामान बहुतेक वेळा विकण्याच्या लायकीचं नसतं, हे पुस्तकातच आहे. गोब्लिनच्या वीस तलवारी पोत्यात भरून आणल्या तर लिनीन त्या भंगाराच्या भावाने घेईल. आणि कोणीतरी शिडीचा हिशोब घेऊन येईलच, ३.५मध्ये दहा फुटी शिडी ५ तांब्यांना होती आणि दहा फुटी काठी २ चांदीला, मग लोक शिड्या घेऊन त्यांचे दोन दोन बांबू सुटे करून विकायचे कागदोपत्री. तुझ्याकडे असलं कोणी निघालं तर शांतपणे विचार, या गावात काठ्या हव्यात कोणाला, आणि किती?

जादूच्या वस्तूंना हे सगळं लावू नकोस, त्यांना फडताळच नाही. झॅनाथर्स गाइड या डी अँड डीच्या पुस्तकात २०१७ साली आलेली पद्धत चांगली आहे, निदान एक आठवडा आणि १०० गोल्ड खर्चून विक्रेता शोधायचा, मग पर्सुएशन, आणि दहात एकदा काहीतरी लफडं निघतं, वस्तू खोटी, नाहीतर चोरीची. ते फँडालिनमध्ये नको, नेव्हरविंटरला पोचतील तेव्हा.

शेवटचं म्हणजे, शनिवारची वाट बघू नकोस. फायटरला आज रात्रीच वैयक्तिक मेसेज कर, ग्रुपवर नको. असं काहीतरी लिही, "परवा मी नुसतं नाही म्हणाले ते बरोबर नव्हतं. प्लेट तुला मिळणारे. फँडालिनमध्ये नाही, पण कुठे आहे ते लिनीनला माहितीये, शनिवारी आधी तिच्याकडेच जाऊ. तोवर तुझ्या कॅरॅक्टरला प्लेट कशी हवी ते सांग, कोरीवकाम, रंग, काही खूण, ती मापं घेताना विचारेल." तो रात्री बारा वाजता चित्र काढून पाठवेल. ते चित्र जपून ठेव, यार्टरच्या कारागिराच्या भिंतीवर लावायला लागेल.